कातळावरची दापोली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आई गेली तिलाही नाही. आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर, आम्ही पोरं राज्य-राज्य खेळायचो त्या कातळावर, एका मे महिन्यात सुमनच्या मागण्याला उजवा कौल मिळाला. त्या कौलाच्या जोरावर ती वडिलांसमोर उभी राहिली, आणि मुंबईला चुलतीचं पोर सांभाळायला जायच्या ऐवजी पालीच्या हायस्कुलात गेली. तो कौल देवाचा नव्हता. डावी पाकळी मी फणसाच्या चिकाने दगडाला चिकटवून ठेवली होती. ती पडणारच नव्हती.

एका दमात लिहून टाकलं, कारण थांबलो असतो तर राहिलं असतं. मी बोलका माणूस नव्हे. रत्नागिरीत माझं औषधांचं दुकान आहे. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, एवढं गिऱ्हाइकाला सांगितलं की माझं दिवसाचं बोलणं संपतं. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा दुकानातला पंखा जास्त बोलतो. पण गप्प माणसाच्या पोटात काही गोष्टी मुरतात आणि काही आंबतात. ही आंबली.

आता बोलायला लावलं ते माझ्या पुतणीने, मनवाने. ती दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसली आहे. मागे गावी गेलो तेव्हा संध्याकाळी तिच्याबरोबर सड्यावर गेलो. आमच्या वाडीत मोबाईलला रेंज मिळते ती फक्त सड्यावर, त्यामुळे हल्ली सगळी तरणी पोरं तिथेच सापडतात, जशी आम्ही सापडायचो. मनवा दगडावर बसून खेळत होती. मोबाईलच्या पडद्यावर एक राज्य होतं. शेतं, तटबंदी, बंदर, आणि कोपऱ्यात निळ्या घुमटाची जादूची शाळा.

“काका, सोनं थोडंच उरलंय,” ती म्हणाली. “सैन्य वाढवू का जादू शिकू?”

“दोन्ही नको. ग्रंथालय आहे का त्यात?”

“हाय. पण त्याने कायच मिळत नाय. नुसता शिकायचा वेग वाढतो.”

“मग तेच बांध.”

तिने मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, जसा काही गोठ्यातला बैल बोलला. “तुम्ही खेळलाय हा गेम?”

“खेळलोय.”

“कधी? तुमच्या वेळी मोबाईल कुठं होते?”

मी पायाखालच्या कातळाकडे बोट दाखवलं. तिला वाटलं, काका चेष्टा करतो. मला मात्र एकदम काजूची बी भाजल्याचा वास आला. आजूबाजूला कोणी काही भाजत नव्हतं. तरी आला.

*

सडा म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. मे महिन्यात तो तव्यासारखा तापतो. वहाणा आम्हाला नव्हत्याच, तळव्यांना कातळाचा चटका सवयीचा होता. कडेला करवंदीच्या जाळ्या, पलीकडे काजूची झाडं. झाडांखाली पडलेली बोंडं आंबून जायची आणि त्यांचा तो गोड-उग्र वास सारी दुपार पसरून राहायचा. कोणीतरी पत्र्याच्या डब्यात बिया भाजायला घ्यायचं. टरफलांतलं तेल पेट घ्यायचं, धूर डोळ्यांत जायचा आणि भाजलेल्या गराच्या आशेने आम्ही ते डोळे तसेच चोळत उभे असायचो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. मला त्यांतलं साल वेगळं काढून सांगता येणार नाही, वास मात्र एकेक वेगळा काढून देईन.

बिया हीच आमची प्रजा. ज्याच्याकडे जितक्या बिया, तितकी त्याच्या राज्यातली माणसं. कातळाला निसर्गाने पाडलेले खळगे होते, कुठे वाटीएवढे, कुठे परातीएवढे, आणि प्रत्येक खळग्याला काम ठरलेलं. एक खळगा शेत. त्यात माणसं घातली की दुसऱ्या डावाला ती वाढून मिळायची. एक खळगा पाली, म्हणजे बाजार. आमच्या लेखी जगातला बाजार पालीलाच भरत होता. एक खळगा लोटे. वाडीतला एक जण नुकताच लोट्याला कंपनीत लागला होता. तो सुटीवर आला की त्याच्या सदऱ्याला जो नाक झोंबणारा वास यायचा, तो आम्हाला तलवारी बनवायचा वास वाटायचा. म्हणून लोट्यात घातलेली माणसं सैनिक होऊन बाहेर पडायची.

आणि एक खळगा दापोली.

दापोलीची कल्पना सुमनची. तिचा मामा दापोलीला विद्यापीठाच्या बागेत माळी होता. त्याने तिला सांगितलं होतं की तिथे शिकलेली माणसं दिवसभर आंब्याकडे, भाताकडे नुसती बघत बसतात आणि मग भात जास्त पिकतो. आम्ही हसलो होतो. सुमन हसली नाही. ती म्हणाली, “आपल्या राज्यात पण अशी माणसं पायजेत. बघत बसणारी.” तेव्हापासून दापोलीच्या खळग्यात बिया बसायला लागल्या. तिथे बसलेलं माणूस पिकवत नाही, लढत नाही, नुसतं शिकतं. आणि पुरेसे डाव शिकलं की राज्याला एक विद्या मिळते.

विद्या आम्हीच शोधून काढल्या होत्या आणि त्यांचा मला आजही अभिमान आहे. पेरणीची विद्या आली की शेतातून दुप्पट माणसं. वाऱ्याची विद्या आली की शत्रूची गलबतं एक डाव जागची हलत नाहीत. वाट चुकवण्याची विद्या होती, ती सुमनने चकव्यावरून काढली होती. रात्री एकटा माणूस चकव्यात सापडला की फिरून त्याच जागी येतो, तसे शत्रूचे सैनिक फिरून आपल्याच घरी जायचे. आणि सगळ्यांच्या वर राखणदाराची विद्या. कोकणात प्रत्येक गावाला सीमेवर उभा असलेला राखणदार असतो. ज्या राज्याचा राखणदार जागा झाला, त्या राज्याच्या वाटेला परत कोणी जायचं नाही. तो जिंकला.

राजा मी होतो. म्हणजे नावाला. मोठ्याने बोलायला कोणीतरी लागतं, आणि तेव्हा मी बोलत असे. डोकं सुमनचं. आमच्या घराच्या खालच्या अंगाला तिचं घर, माझ्या आईला ती काकी म्हणायची. वयाने माझ्याएवढीच, सातवीला माझ्याच बाकापलीकडे बसायची. उकिडवी बसून, गुडघ्यांवर हनुवटी टेकून खळग्यांकडे बघत राहायची. तिच्या झग्याच्या खिशात नेहमी दोन-चार जास्तीच्या बिया खुळखुळत असायच्या. विचार करताना ती त्या खिशातल्या खिशात मोजत असावी.

समोरचा राजा अजित. माझा चुलतभाऊ, मुंबईचा. मे महिन्यात गावी यायचा, पायांत बूट, तोंडात सिनेमाची भाषा. त्याची सगळी माणसं लोट्यात. दापोलीचा खळगा त्याच्या बाजूला होता खरा, पण त्यात तो शेंगांची टरफलं टाकायचा.

“काय रे राजे,” तो मला म्हणायचा, “तुमची मास्तरीण अजून पाढेच म्हणतेय काय? माझं लष्कर चहा पिऊन निघालं बघ.”

“निघू दे,” सुमन मान वर न करता म्हणायची. “चालून चालून दमेल. आपल्याकडं चकवा हाय.”

“चकवा? तुझी आजी आहे काय चकवा?”

“माझी आजी असती तर तुझं लष्कर परत पण आलं नसतं.”

सगळे हसायचे. अजितही हसायचा. आणि त्या हसण्यात त्याचे सैनिक खरोखरच वाट चुकून घरी जायचे, कारण विद्या आमच्याकडे होती.

*

पावसाळ्यात खेळ बंद. खळगे पाण्याने भरत, त्यांत बेडकांची पिल्लं फिरत, आणि कातळावर कुठून कुठून इवली निळी-पिवळी फुलं उगवत. आमची सारी राज्यं पाण्याखाली. पण खेळ डोक्यात चालूच असायचा. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून रोपं लावताना सुमन शेजारच्या वाफ्यातून मला विचारायची, “समज, आपल्याकडं थोडीच माणसं हायत. कुठली विद्या आधी शिकायची?”

“पेरणीची. म्हणजे माणसं वाढतील.”

“मग?”

“मग वाऱ्याची.”

“आणि दर विद्येला तेवढेच डाव लागतील. अजित तोवर आपल्या अंगणात.”

असं काही महिने चाललं असेल. गणपती गेले, नाचणी कापून झाली, उडव्या रचून झाल्या. त्या भाताच्या उडवीच्या सावलीत, अंगाला खाजणाऱ्या पेंढ्यात बसून एके दिवशी ती म्हणाली, “पहिल्यांदा कुठलीच विद्या शिकायची नाय. शिकवायची विद्या शिकायची. आधी मास्तर करायचा. मग त्या मास्तरानं शिकवलं की पुढची प्रत्येक विद्या अर्ध्या डावांत.”

मी म्हटलं, “पण तोवर हातात काहीच नाही.”

“नाय. तोवर लोक हसतील,” ती म्हणाली. “हसून घेऊ दे.”

आज हे वाचून कोणी म्हणेल, त्यात काय मोठं. पण आमच्या वाडीत तोवर कोणीही, थोरांनीसुद्धा, असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पेरायच्या आधी पेरायला शिकवणारा तयार करायचा. हातातली चार माणसं रिकामी बसवायची, उपाशी राहायचं, हसू सोसायचं आणि थांबायचं. त्या पेंढ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. कोवळं ऊन, भाताची धूळ, आणि शेजारी एक मुलगी, जिने आत्ताच राज्य चालवायची रीत शोधून काढली होती. माझ्या देखत. अख्ख्या आयुष्यात मी काही नवीन शोधलं जाताना पाहिलं असेल तर ते तेव्हा.

शिमगा आला, पालखी दारोदार नाचून गेली, काजू मोहरला, बिया पडायला लागल्या. आम्ही परत सड्यावर. आणि त्या हंगामात सगळं सुमनने सांगितल्याप्रमाणे. सुरुवातीला आमचं राज्य बघवत नव्हतं. शेत अर्धं रिकामं, लोट्यात कोणी नाही. अजित आला तेव्हा आमच्या सीमेवर दगड मांडून बसला आणि हसून हसून त्याला ठसका लागला. मग आमचा मास्तर तयार झाला. मग पेरणी आली, वारा आला, चकवा आला, पाण्याची विद्या आली. एकामागोमाग एक, जशा उन्हात पसरलेल्या कोकमांवर माशा याव्यात. अजितचं हसू कमी झालं. तो दापोलीतली टरफलं काढून टाकायला लागला, पण त्याला आता उशीर झाला होता.

*

त्याच मे महिन्यात सुमनचे वडील, सखारामकाका, सुटीवर आले. मुंबईत कामाला होते, वर्षातून एकदा यायचे. ते आले की त्यांच्या घरातून बिस्किटांचा आणि ट्रंकेतल्या कापुराच्या गोळ्यांचा वास यायचा. या खेपेला त्यांनी ठरवूनच आणलं होतं. सुमनची सातवी झाली. वाडीतली कुठलीच मुलगी सातवीच्या पुढे गेली नव्हती. हायस्कूल पालीला, वाट लांबची, मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा, आणि तो ओलांडायला बांबूचा साकव होता तोही लांबच्या वाटेवर. तिकडे मुंबईत तिच्या चुलतीला मूल झालं होतं, घरात हाताखाली कोणी नव्हतं. जाताना ते सुमनला घेऊन जाणार होते.

सुमनने मला हे सांगितलं ते खेळता खेळताच. “बाबा बुधवारच्या गाडीनं नेतायत मला.”

“मग?”

“मग काय. त्याच्या आधी राखणदार उठवू.”

मी आणखी काही विचारलं नाही. पोरगा पोरीला काय विचारणार. पण मंगळवारपर्यंत ती बोलली नाही तर तिचं शिकणं संपलं, एवढं मला कळत होतं.

राखणदाराला उठवायची रीत अशी. आमच्या देवळात गुरव देवीच्या पाषाणाला भिजवलेल्या पाकळ्या लावतो, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि लोक आपलं मागणं मागतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. हाच कौल. आम्ही तो खेळात आणला होता. सड्याच्या टोकाला एक उभा चिरा होता, त्याला आम्ही कुड्याच्या पांढऱ्या पाकळ्या लावायचो. एक कौल मागायचा म्हणजे एक डाव खर्च. आणि सुमनने अजित आल्या आल्याच त्याच्याकडून एक नियम कबूल करून घेतला होता. ज्याच्याकडे धाकट्या विद्या जास्त, त्याला कौल परत मागायचा हक्क. अजितने तेव्हा हसत हसत मान डोलावली होती.

“दोनदा डावं पडलं तरी आपण तगतो,” ती मला म्हणाली. “मी मोजलंय. त्याचे सैनिक पऱ्याच्या पलीकडं हायत. पाण्याची विद्या त्यांना थोपवेल.”

“आणि तिसऱ्यांदा पण डावंच पडलं तर?”

“तर राखणदाराच्या मनात नसेल. पण तिन्ही वेळा डावंच कसं पडेल?”

बरोबर होतं ते. मी आजही मनात तो डाव मांडून बघतो आणि दर वेळी तिचंच बरोबर निघतं. पण सीमेवर अजित बसला होता आणि म्हणत होता, “राजे, आज संध्याकाळी तुमच्या दापोलीत मी माझे बूट ठेवणार.” मला त्याचं तोंड बंद करायचं होतं. पहिल्याच फटक्यात. मला सुमनच्या मोजण्याचा भरवसा वाटला नाही.

आमच्या परसात फणस कापून ठेवला होता. आईने चीक पुसून काढलेली काडी पायरीवर टाकली होती. ती मी फणसाच्याच पानात गुंडाळून खिशात घातली. इथे मी खोटं लिहू शकलो असतो. लिहिलं असतं की सुमनचं शिक्षण वाचावं म्हणून केलं, आणि वाचणाऱ्याला ते गोडही वाटलं असतं. पण तसं नव्हतं. तेव्हा माझ्या मनात सुमनची शाळा नव्हती, अजितचे बूट होते.

राजा म्हणून पाकळ्या लावायचा मान माझा. सुमन डोळे मिटून, हात जोडून गाऱ्हाणं घालत होती. मी उजवी पाकळी पाण्याने लावली आणि डावीच्या मागे काडी फिरवली.

“हे बा राखणदारा म्हाराजा,” सुमन म्हणत होती, अगदी गुरवाच्या हेलात, “आमी लेकरं तुझ्या दारात शिकून आलोत. उपाशी बसून शिकलोत. हसू सोसून शिकलोत. तर तू आता जागा हो आणि आमच्या सीमेवर उभा रहा.”

“व्हय म्हाराजा,” सगळ्यांनी म्हटलं. अजितनेही म्हटलं. गाऱ्हाण्याला होकार द्यावाच लागतो, शत्रू असलात तरी.

ऊन चिऱ्यावर होतं. उजव्या पाकळीची कड सुकून वर आली, थरथरली आणि घसरून खाली पडली. मग जो कल्ला झाला तो खालच्या वाडीपर्यंत गेला असेल. अजितने आपल्या बिया उचलून सुमनसमोर ओतल्या. “घे बाई, तुझीच प्रजा,” तो म्हणाला. डावी पाकळी दगडावर तशीच राहिली. ती का पडत नाही, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

उतरणीला सुमन माझ्याजवळ आली. तिचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

“मी मनात दुसरंच मागत होते,” ती म्हणाली.

“काय?”

“पहिल्या वेळेला उजवं पडलं तर बाबांना सांगायचं, मी येत नाय म्हणून. डावं पडलं तर गप जायचं.”

माझी बोटं चिकट होती. चीक पाण्याने जात नाही, त्याला खोबरेल लागतं. मी हात खिशात घातला आणि उतरणीला लागलो. त्या घटकेला बोललो असतो तर गोष्ट एवढीशी होती. त्यानंतर ती वाढतच गेली.

*

सखारामकाका पडवीत आंब्याची अढी लावत होते. पेंढ्यात एकेक आंबा ठेवायचा, देठ खाली. साऱ्या घराला पिकत्या आंब्याचा वास होता. मी दाराशी उभा राहिलो, सुमन आत गेली.

“बाबा, मी मुंबईला येत नाय. मी पालीला आठवीत जातंय.”

काकांनी हातातला आंबा ठेवला. “हे कोणी शिकवलान तुला बोलायला?”

“कौल मिळालाय. सड्यावर.”

“सड्यावर कुठला देव बसवलाव तुमी?” ते हसले, पण तिच्या तोंडाकडे बघून थांबले. “बरं. पऱ्या चढतो पावसात. काय करशील?”

“सकाळचा चढत नाय. वर डोंगरात पाऊस झाला की दुपारपर्यंत पाणी येतं. शाळा सुटेस्तवर उतरतं. नाय उतरलं तर साकवावरून येईन, ती वाट लांब हाय, पण हाय.”

“एकटी?”

“आठवीला मुलगे तिघं हायत आपल्या वाडीतले. हा पण हाय.” तिने माझ्याकडे मान केली.

“आणि मुंबईच्या काकीच्या पोराला कोण बघेल?”

“काकीच्या बहिणीची मोठी मुलगी घरीच हाय. ती जायला एका पायावर तयार हाय. तिला मुंबई बघायचीय. मी विचारलंय.”

“आणि तुझ्या आयशीच्या हाताखाली?”

“पाणी मी शाळेच्या आधी भरीन. गुरं सुटायच्या आधी.”

सुमनची आई चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, “पोरीनं सगळं ठरवून ठेवलान. आता वायच तुमी पण इचार करा.”

काकांनी पुढचा आंबा उचलून देठ खाली करून पेंढ्यात ठेवला. मग म्हणाले, “एक वर्ष बघू.”

एक वर्ष बघू, यात ती पुढची सगळी वर्षं चालत गेली. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, दप्तर छातीशी धरलेलं, साकवावर ओल्या बांबूचा वास, आणि मागे-पुढे आम्ही तीन मुलगे. वर्गात गणिताचे गुरुजी फळ्यावर अवघड उदाहरण घालायचे आणि सुमन खिशात बिया मोजत असल्यासारखी बोटं हलवायची. पहिला हात तिचा वर जायचा. त्या हाताकडे बघताना मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या स्वतःच्या पदवीचाही नंतर वाटला नाही. खेळ कधी थांबला ते आठवत नाही. एका मे महिन्यात अजित आला आणि आम्ही सड्यावर गेलोच नाही, बस.

सुमन गणिताची शिक्षिका झाली. आता तिची निवृत्ती जवळ आली आहे. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली कुठे कुठे आहेत, बँकेत, इस्पितळात, लोट्याच्या कंपन्यांत साहेब होऊन. आठवीचा नवा वर्ग आला की पहिल्या दिवशी ती त्यांना सड्यावरच्या कौलाची गोष्ट सांगते. देवाने मला शाळेत धाडलं, नाहीतर मी कुठे असते, असं सांगते. एका कार्यक्रमात तिने मला प्रेक्षकांतून उभं केलं. “हा माझा राजा. ह्याने स्वतःच्या हाताने पाकळ्या लावल्या. विचारा ह्याला.” मुली टाळ्या वाजवत होत्या. मी हात जोडले आणि बसलो. लोकांना वाटलं, भारी साधा माणूस.

अजित हल्ली शिमग्याला गावी येतो आणि आपल्या मुलांना सांगतो, आयुष्यात एकदाच सरळ हरलो, तेही बियांत. त्यालाही मी ते सरळ हरणं दिलेलं नाही. पण त्याचं मला एवढं लागत नाही.

लागतं ते हे, की सुमन आपलं सगळं श्रेय त्या चिऱ्याला देते. पऱ्याचं पाणी कधी चढतं, काकीच्या बहिणीची मुलगी काय म्हणते, साकवाची वाट किती लांब, ही उत्तरं तिने त्या दुपारी शोधली नव्हती. आधीच एकेक तयार करून ठेवली होती. पाकळीने तिला एकही उत्तर दिलं नाही. पण डावं पडलं असतं तर ती ठरल्याप्रमाणे गप गेली असती का? की तरीही जाऊन उभी राहिली असती? मला मनापासून वाटतं की राहिली असती. पण तिला ते कळायची संधी मी त्या काडीने पुसून टाकली. ती जन्मभर स्वतःला नशीबवान समजत आली, आणि ती हुशार होती.

*

मनवाने मोबाईलमध्ये ग्रंथालय बांधलं. मग मोबाईल बाजूला ठेवून टोकाच्या चिऱ्याकडे बघत बसली. चिऱ्याला आता शेंदूर आहे. परीक्षेच्या आधी मुली तिथे पाकळ्या लावून जातात.

“काका, मला रत्नागिरीला सायन्सला जायचंय,” ती म्हणाली. “बाबा म्हणतात इथंच कॉमर्स कर. उद्या कौल लावते. सुमनबाईंना दिलान तसा मला देईल ना?”

“डावं पडलं तर?”

“तर कॉमर्स.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं तोंड आपसूक उघडलं. “कौल लावू नको,” मी म्हणालो. “बाबा काय काय विचारतील ते आधी मला सांग. राहणार कुठे, येणार-जाणार कशी, झेपेल का. आणि एकेकाला तू काय उत्तर देणार ते सांग.”

ती बोलायला लागली. अंधार पडेपर्यंत बोलत होती. तिच्याकडे बरीचशी उत्तरं तयार होती. उरलेली आम्ही दोघांनी काढली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या भावासमोर बसली, मी शेजारी होतो, पण मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

भाऊ शेवटी हो म्हणाला. मनवापुरतं झालं. सुमनचं राहिलं आहे. तिची निवृत्ती व्हायच्या आत, तिच्या घरी जाऊन, तिच्या तोंडावर मला सांगायचं आहे की डावी पाकळी मी चिकटवली होती, अजितला हरवण्यासाठी, आणि तुझ्या मोजण्यावर माझा भरवसा नव्हता म्हणून. वडिलांसमोर उभी राहिलीस ती तू, आणि एक वर्ष मिळवलंस ते तू. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.